‘आधी घरचं बघा’

ताई, नमस्कार.

मी कृष्णाकाठच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. वय ४१. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ठरावाची बातमी वाचून आमच्या ग्रामसभेत विधवा प्रथा बंदीचा ठराव मीच मांडला. कुरकुर झाली, पण मंजूर झाला. सूचक म्हणून माझं नाव आहे.

गेल्या माघात वडील गेले. मी अंगणात ओल्या अंगानं, पंचा गुंडाळून उभा होतो. भावकीतल्या बायकांनी आईला तुळशीपाशी बसवलं. चुलतीनं दगड उचलला. आईनं माझ्याकडं बघितलं. आमच्यात दहा पावलांचं अंतर असेल. मी मान खाली घातली. बांगड्या फुटताना काच मनगटात गेली, कुणीतरी त्यावर हळद दाबली. बोटं सुजल्यामुळं जोडवी निघेनात, तर साबण लावून ओढली. मी एक शब्द बोललो नाही.

दहावं झालं आणि गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरावाचा फोटो आला. खाली ओळ होती : ‘आधी घरचं बघा’. दोन महिन्यांपूर्वी वस्तीवरचा ३४ वर्षांचा एक पोरगा अपघातात गेला. पहाटे त्याच्या मेव्हण्याचा फोन आला, ‘दादा, तुम्ही या, ताईचं हे सगळं थांबवा.’ मी गेलो नाही. नंतर रेंज नव्हती म्हणून सांगितलं.

ज्याला सख्ख्या आईसाठी तोंड उघडता आलं नाही, त्यानं गावाला काय शिकवायचं? राजीनामा द्यावा असं वाटतं. माणूस असा कच्चाच असेल तर समाज बदलणार तरी कसा?

— एक सदस्य (नाव-गाव छापू नये)

दादा,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वेळी तुमच्या आईचं मनगट डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या वेळी मात्र मी त्या पहाटेच्या फोनपाशी अडकले. तुम्ही तीन ओळींत उरकलेला तो प्रकार मला अंगणातल्या प्रकारापेक्षा जास्त टोचतोय. त्यावर येतेच.

आधी अंगण. घरात मयत झाली की कर्त्या माणसाचं काय होतं हे गावाकडं कुणाला सांगायला नको. रात्रभर जागरण, लाकडांची जुळवाजुळव, बर्फाची लादी, मुंबईहून निघालेली बहीण कुठवर पोचली हे विचारणारे दहा फोन. ‘इकडं तोंड कर’, ‘पाणी सोड’, ‘मडकं घे’ असं कुणीतरी सांगत राहतं आणि माणूस मुकाट करत जातो. त्या दिवशी घरच्यांच्या अंगात त्राण नसतं. त्राण असतं ते पन्नास मयती बघितलेल्या चुलत्या-मावळणींच्या अंगात, आणि काय कधी करायचं हे त्यांना पाठ असतं. प्रथेनं आपली वेळ बरोबर साधलेली आहे. लग्नाच्या वरातीत बांगड्या फोडायच्या असत्या तर हे सगळं केव्हाच बंद पडलं असतं.

त्या चुलतीवरही दात धरू नका. दगड उचलणाऱ्या हाताला स्वतःच्या चुड्याची भीती असते. ‘रीत मोडली आणि उद्या माझ्या घरात काही झालं तर?’ ही भीती ग्रामसभेत हात वर करून जात नाही.

मी कुठल्या तोंडानं सांगते तेही सांगते. वीस-बावीस वर्षं मी महिला मंडळांतून याच विषयावर बोलत आले. टाळ्या मिळायच्या. हे गेले त्या दुपारी घरात माणसं जमायला लागली. कुणी काही बोलायच्या आत मी स्वयंपाकघरात गेले, बांगड्या उतरवल्या आणि ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांना कळलंही नसतं. मला वाद नको होता, असं मी पुढं लोकांना सांगत आले. ते खरं आहे का हे मला आजही नीट सांगता येत नाही. चार महिन्यांनी बाजारात एका कासारणीच्या दुकानापुढं उगाच रेंगाळले. तिनं कपाळाकडं बघितलंही नाही. मनगट हातात घेतलं, अंगठ्यापाशी दाबून बघितलं आणि म्हणाली, ‘सव्वादोन बसंल. हिरव्या दाखवू का रंगीत?’ मी रंगीत घेतल्या. बाहेर पडून रिक्षात बसले आणि घरापर्यंत रडत आले. माझ्या एवढ्या भाषणांनी माझ्यासाठी जे झालं नव्हतं, ते त्या बाईनं ‘सव्वादोन’ म्हणून केलं.

आता तो टोमणा. ‘आधी घरचं बघा’ हा महाराष्ट्रातला फार जुना टोमणा आहे आणि तो फार मोठ्या माणसांना मारला गेलाय.

न्यायमूर्ती रानड्यांचं तुम्हाला थोडंफार माहीत असेल. १८६९ साली मुंबईत एका विधवेचा पुनर्विवाह लागला. त्याच्या निमंत्रणपत्रिकेवर सही करणाऱ्यांत रानडे होते आणि त्याबद्दल त्यांच्यावर बहिष्कार पडला. चारच वर्षांनी, १८७३ मध्ये त्यांची पहिली पत्नी वारली. हे ३१ वर्षांचे. गाव बघत होतं : आता हा सुधारक स्वतः काय करतो? वडिलांना धास्ती होती की मुलगा विधवेशी लग्न करील. त्यांनी घाईनं मुलगी ठरवली. ११ वर्षांची. रानड्यांनी नाही नाही म्हटलं आणि शेवटी बापापुढं मान खाली घातली. हीच ती तुमची दहा पावलं. त्यानंतर ‘बोलके सुधारक’ हे बिरुद त्यांना चिकटलं ते आजवर पुरतं सुटलेलं नाही. पुढं पंचहौदचा चहाही झाला. १८९० साली पुण्यात मिशनऱ्यांच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून गावानं गदारोळ केला आणि रानड्यांनी मित्रांच्या अडचणीखातर प्रायश्चित्तही घेतलं. रमाबाईंना ते मुळीच रुचलं नव्हतं आणि तसं त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय.

थांबा, हे वाचून लगेच हायसं वाटून घेऊ नका. ‘एवढे मोठे लोक चुकले, मग आपण कोण’ हा युक्तिवाद मला अजिबात आवडत नाही. त्याच काळात त्याच पुण्यात जोतीराव फुल्यांवर मूल नाही म्हणून दुसऱ्या लग्नासाठी घरातून दबाव होता आणि त्यांनी सरळ नकार दिला. फसलेल्या विधवांसाठी १८६३ मध्ये स्वतःच्या घरात बाळंतपणाची सोय केली, तिथल्याच एका विधवेचं मूल दत्तक घेतलं. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. दत्तक मुलानं टिटवं (प्रेतापुढं धरायचं अग्नीचं मडकं) धरायला भावकीनं हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः उचललं आणि प्रेतयात्रेपुढं चालल्या. तेव्हा ‘त्या काळात शक्यच नव्हतं’ असं रानड्यांच्या बाजूनं म्हणता येत नाही. शक्य होतं. रानड्यांना जमलं नाही.

आणि त्या न जमण्याची किंमत ११ वर्षांच्या पोरीनं मोजली. ३१ वर्षांच्या विद्वान नवऱ्यानं अक्षरओळख सुरू केली आणि घरातल्या बायकांनी तिला त्यासाठी छळलं. इंग्रजी शिकते म्हणून बोलणी खाल्ली, तीही नवरा कोर्टात गेल्यावर. नवरा शिकवत होता हे खरं, पण माजघरात तिची बाजू घ्यायला तो थोडाच बसणार होता?

पण गोष्ट तिथं संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितलीच नसती. रानडे त्या लग्नानंतर घरात तोंड लपवून बसले नाहीत. टोमणे खात राहिले आणि काम करत राहिले. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली त्यात ते होते. १८८७ पासून सामाजिक परिषद त्यांनी चालवली. दर वर्षी व्यासपीठावर उभं राहिलं की समोर कुणीतरी मनात म्हणत असणारच, ‘बघा कोण बोलतंय.’ ते १९०१ मध्ये गेले. त्यानंतर रमाबाईंनी १९०९ साली पुण्यात सेवासदन काढलं, विधवांना आणि परित्यक्तांना शिकवलं, परिचारिका केलं. रानड्यांच्या चुकीवर त्यामुळं पांघरूण पडतं असं मी म्हणत नाही. चूक चूकच राहिली, शेजारी कामही उभं राहिलं. दोन्ही खरं.

माझं आवडतं माणूस मात्र वेगळं आहे, आणि तिची आठवण फार कुणी काढत नाही. महर्षी कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी, म्हणजे एका विधवेशी, लग्न केलं. मुरुडनं, म्हणजे त्यांच्या गावानं, त्यांना वाळीत टाकलं. या गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले. त्याही विधवा, केशवपन झालेल्या, लाल आलवणातल्या. कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी वर्गणी गोळा करत त्या गावोगाव हिंडल्या, आणि किती तरी वर्षं त्याच सोवळ्या वेशात. बाई विधवांच्या शिक्षणासाठी पैसे मागतेय आणि स्वतःचं डोकं मात्र भादरलेलं. आजच्या ग्रुपवर काय काय लिहिलं असतं लोकांनी! पण त्या वेशामुळंच जुन्या वळणाच्या घरांचे दरवाजे त्यांना उघडायचे. पुढं यथावकाश त्यांनी केस राखले. त्यांनी आधी स्वतःला पूर्ण सुधारून घेतलं असतं आणि मग बाहेर पडल्या असत्या, तर आश्रमाच्या चुलीवर किती दिवस भात शिजला असता कोण जाणे. कर्व्यांचंही तेच. पुनर्विवाहाचा आग्रह धरला तर आश्रमाला पालक मुली पाठवणार नाहीत, म्हणून त्यांनी तो विषय आश्रमाबाहेर ठेवला. आगरकरांच्या वळणाच्या माणसाला हे पटणं अवघड. मलाही पूर्ण पटत नाही. पण मुली शिकल्या.

तुम्ही विचारता, माणूस कच्चा असेल तर समाज बदलणार कसा. अहो, पक्की माणसं मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर ग्रामसभेचा कोरम कधीच भरायचा नाही. तुमच्या ठरावात एकच खोट आहे. त्या दिवशी, त्या अंगणात, ओल्या अंगानं उभ्या असलेल्या पोरानं पुढं होऊन चुलतीचा हात धरावा अशी त्याची अपेक्षा आहे. ती अपेक्षाच काढून टाका. मयतीच्या दिवशी घरच्या कुणालाही शूर व्हावं लागणार नाही अशी व्यवस्था आधीच करून ठेवायची.

कशी? करमाळ्याच्या प्रमोद झिंजाडे यांनी काय केलं बघा. आपण गेल्यावर बायकोवर या प्रथा लादू नयेत असं त्यांनी जिवंतपणी स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं. हेरवाडनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनानं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं, त्याच्या मागं अशा माणसांची खटपट आहे. मला त्या स्टॅम्पपेपरचं कौतुक कायद्यापायी वाटत नाही. तो कुणावर बंधनकारक नसेलही. पण भावकी म्हणते ‘गेलेल्या माणसाच्या आत्म्याला बरं वाटणार नाही’, तेव्हा गेलेल्या माणसाचीच सही पुढं करता येते. त्यावर चुलती काय बोलणार? तुमच्या गावातल्या नवरेमंडळींकडून हे लिहून घ्या. पारावर बसून, धडधाकट असताना, चहा पीत पीत. पहिला कागद तुमचा. बायकोला समोर बसवून लिहा, आणि ती काय म्हणते तेही ऐका, कारण तिला यातलं काय हवं आणि काय नको हे तुम्ही अजून विचारलेलं नाही अशी माझी पैज आहे.

दुसरं, बाहेरच्या चार बाया ठरवून ठेवा. भावकीतल्या नकोत. अंगणवाडी सेविका, आशा ताई, बचतगटातल्या दोघी. मयतीची बातमी आली की त्यांनी त्या घरी जाऊन बाईच्या शेजारी बसायचं, पाणी पाजायचं, हात हातात धरून ठेवायचा. भाषण करायचं नाही. चौघी जणी खेटून बसल्या असल्या की दगड घेऊन येणाऱ्या हातालाही जागा सापडत नाही. आणि कुणी वाळीत टाकायची भाषा केलीच, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस पाटलांना हे ठाऊक असतं. नुसती आठवण पुरते बऱ्याचदा.

आता तो फोन.

अंगणात तुम्ही गप्प राहिलात ते दुःखानं. फोन आला तेव्हा घरात मयत नव्हती. तेव्हा तुम्ही गप्प राहिलात ते ग्रुपवरच्या त्या एका ओळीच्या धाकानं. ‘हा कुठल्या तोंडानं आला’ असं कुणी म्हणेल म्हणून एका मुलीला त्या अंगणात एकटी सोडलंत. तुमच्या लाजेचा भुर्दंड तिनं भरला. माफ करा, मी गोड बोलत नाहीये. मघाच्या ११ वर्षांच्या पोरीची गोष्ट मी म्हणूनच एवढी लांबवली.

तिच्या भावाला भेटा. फोनवर नको, जाऊन भेटा. रेंज होती हे सांगा. मग त्या मुलीला काय हवंय ते विचारा. तिच्यापुढं उभ्या असलेल्या अडचणींत बांगड्या बहुधा चौथ्या-पाचव्या नंबरावर असतील. अपघाताचा दावा दाखल झाला का? तो मुदतीत करावा लागतो, वकील गाठून द्या. कुटुंब दारिद्र्यरेषेखाली असेल आणि कमावता माणूस गेला असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २० हजार मिळतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला द्यावा लागतो. तुम्ही सदस्य आहात, कुठल्या टेबलावर कुठला कागद अडतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. राजीनामा दिलात तर हेही करता येणार नाही. तुमचा राजीनामा आला की ग्रुपवरची मंडळी पेढे वाटतील, आणि पुढच्या ग्रामसभेत ठराव गुंडाळला जाईल. ‘मी लायक नाही’ म्हणून बाजूला होण्यात एक आराम असतो दादा. मी तो चार महिने उपभोगलाय.

आणि आई. तिच्याशी अजून या विषयावर बोलला नसाल, खरं ना? पत्रात तिचं एकही वाक्य नाही. तिनं तुमच्याकडं बघितलं एवढंच आहे. संध्याकाळी जेवणं झाल्यावर, सून-नातवंडं आजूबाजूला नसताना, तिच्याजवळ बसा. ‘त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं’ एवढं म्हणा. ती म्हणेल, ‘जाऊ दे रं’. तरी उठू नका, बसून राहा. तिला बांगड्या घालायच्या असतील तर कासाराकडं घेऊन जा. नको म्हणाली तर नको. जिनं चाळीसेक वर्षं कुंकू लावलं तिला आता ते लावावंसं वाटत नसेल, तर तीही तिची मर्जी. तुमचं मन हलकं व्हावं म्हणून तिला स्टेजवर बसवून हळदीकुंकवाचा कार्यक्रम करू नका, फोटोग्राफर तर मुळीच बोलावू नका. अशा कार्यक्रमांचे फोटो मी बघते. सत्कार करणाऱ्यांचे चेहरे फुललेले असतात आणि खुर्चीतल्या बायका जमिनीकडं बघत असतात.

घरातलं पुढचं शुभकार्य कधी आहे? पुतणीचं लग्न असेल, नाहीतर बारसं. तिथं पहिल्या औक्षणाचं ताट आईच्या हातात द्या. नुसतं द्या, माईकवरून सांगू नका. चुलती त्या वेळी तिथंच असेल. तिच्या हातात दुसरं ताट द्या.

आता एक शेवटची चौकशी, आणि याचं उत्तर मला खरंच हवंय. वडील माघात गेले, म्हणजे आता बरेच महिने झाले. जमिनीची वारस नोंद झाली का? आईचं नाव सातबाऱ्यावर लागलं का, आणि घराच्या उताऱ्यावर? १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणं मुलामुलींच्या बरोबरीनं ती वारस आहे. तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, पण आपल्या तोंडात तलाठीच बसलंय) फेरफार घालताना ‘आईचं कशाला, परत बदलायला लागंल’ असं एखादा भाऊबंद सुचवतो आणि सगळे माना डोलावतात. बहिणीकडून हक्कसोडपत्र घ्यायचं घाटतंय का, तेही बघा. या कागदांसाठी अंगणात कुणी दगड घेऊन उभं नसतं. त्यामुळं इथं बोलायला तुम्हाला कुणाची आडकाठी नाही.

उताऱ्याची नक्कल निघाली की मला कळवा. नाव-गाव झाकून पाठवलीत तरी चालेल, आईचं नाव तेवढं झाकू नका.